उद्या न दाखवणारा कॅमेरा

“वहिनी, वायरवाल्या कॅमेऱ्यात उद्याचं दिसत नाही हं,” दुकानदाराने बजावलं. “मासिक वर्गणी नाही, पण चोर येऊन गेल्यावरच कळणार.”

“चालेल,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“हिला झालंय काय!” त्यांचे यजमान अविनाशराव हसले. “कामवाली उद्या दांडी मारणार का, हे घरच्या कॅमेऱ्यात आदल्या दिवशीच बघून ठेवायची ही. आज मला स्क्रीनजवळ फिरकूसुद्धा देत नाही.”

सकाळी सुनेत्राबाईंना स्क्रीनवर उद्याचा दिवाणखाना दिसला होता. नातेवाइकांची गर्दी होती. अबोला धरलेली नणंदसुद्धा डोळ्यांना पदर लावून बसली होती. अविनाशराव मात्र कुठेच नव्हते.

“बरं, घे. वायर मी उद्या निवांत ओढतो.”

“उद्या नको, आजच,” सुनेत्राबाई घाईने म्हणाल्या. “आणि स्टुलावर तुम्ही चढायचं नाही.”