नाटकात नाही म्हणायचं नसतं

“बाई, माझी जोडी दुसऱ्या कुणाशी तरी लावा,” शिवणमावशी हळूच म्हणाल्या.

“का हो? रंगारीकाका काय खाणारेत का तुम्हाला?” बाई हसल्या. “आपल्या वर्गाचा एकच नियम आहे. नाटकात नाही म्हणायचं नसतं.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. बाई वयाने सगळ्यांत लहान. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की वर्गाची दातखीळ बसते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मग पुस्तक गेलं कपाटात आणि नाटुकली सुरू झाली. खुर्च्या भिंतीला लावायच्या, दोघांनी मध्ये यायचं. कुणी दुकानदार, कुणी गिऱ्हाईक. चुकलं तरी थांबायचं नाही, कारण चूक तुमची नाही, पात्राची. एरवी ‘गुड मॉर्निंग’लाही घाम फुटणारा बेकरीवाला पोलीस झाला की असा दरडावायचा, की समोरचा खरंच खिसे चाचपायचा.

मावशी कपडे शिवायच्या. मुलगी परदेशात, नातीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. “फोनवर ती भडाभडा बोलते नि मी नुसती हसते,” असं त्यांनी नाव घालताना सांगितलं होतं. रंगारीकाका त्यांच्यानंतर आठवड्याने आले. कानाच्या पाळीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, तोंडात मूग. इंग्रजी कशाला हवं, असं विचारल्यावर म्हणाले, “हॉटेलांची कामं मिळतात. साहेब लोक काय बोलतात ते कळलेलं बरं.”

पहिल्या दिवशी काका डॉक्टर झाले.

“व्हेअर इज पेन?”

“नी,” मावशी गुडघ्याला हात लावून भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“यू टेक टॅब्लेट?”

“यस.”

“नो. यू फर्गेट. एव्हरी डे यू फर्गेट,” डॉक्टर रागावले. वर्गात हशा पिकला. मावशींच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

बाईंनी ते टिपलं. त्यांचे वडील आई गेल्यापासून रेडिओशी बोलत असत, बातम्या सांगणाऱ्याला उलट उत्तरं देत. माणसाला बोलायला माणूस लागतं, हे त्या घरीच शिकल्या होत्या. त्यांनी मावशींना सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“एकटीच म्हणायची,” मावशी म्हणाल्या.

काकांनाही विचारून झालं.

“मी आणि चार भिंती,” ते म्हणाले. “त्याही मीच रंगवलेल्या.”

झालं. बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. त्यानंतर जोड्या ठरवायच्या चिठ्ठ्या कशाही निघोत, ही दोघं समोरासमोर यायचीच. वाट चुकलेली बाई आणि वाट दाखवणारा. बँकेतला कारकून आणि खातेदार. बेकरीवाला डोळे मिचकावून म्हणायचा, “बाई, तुमच्या चिठ्ठ्या फार हुशार आहेत हो!” मावशी कुरकुरायच्या, पण उभ्या राहायच्या. इंग्रजीत त्यांचा आवाज वेगळाच यायचा, जरा तरुण. काका ऐकताना मान खाली घालायचे.

शेवटच्या वर्गाला बाईंनी विषय दिला: फार दिवसांनी केलेला फोन. कुणाला करायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

काका मध्ये आले. मुठीचा फोन करून कानाला लावला. “हॅलो. आय अ‍ॅम पपा.”

मावशी दुसऱ्या टोकाला पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी हात कानाकडे नेला. “हॅलो, पपा.”

“यू केम होम. विथ युअर हजबंड. आय डिड नॉट ओपन डोअर.”

“इट वॉज कोल्ड,” मुलगी म्हणाली. “आय वेटेड, पपा. देन आय वेंट.”

“आय नो. आय वॉज बिहाइंड द डोअर.”

मावशी वळल्या. फोनचा हात खाली आला होता. “बिहाइंड द डोअर?”

“यस. माय हँड ऑन द लॉक. आय वॉज क्रायिंग.”

“व्हाय यू नॉट टेल?”

“हाऊ टेल?” काका म्हणाले. “इन माय लँग्वेज, आय ओन्ली शाऊट. सॉरी इज... सॉरी इज ईझी इन इंग्लिश.”

बेकरीवाला टाळ्या वाजवायला विसरला. मावशी चालत मधे आल्या आणि काकांची ती कानाला लावलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांनी खाली घेतली. “ओके,” त्या म्हणाल्या. “ओके. आय हर्ड.”

वर्ग सुटला. सगळे जिना उतरले. काका खाली फाटकापाशी कुणाची तरी वाट बघावी तसे घुटमळत होते. बाई खिडक्या लावत होत्या, मावशी खुर्च्या जागेवर ठेवत होत्या.

बाईंनी धीर केला. “मावशी, लहान तोंडी मोठा घास घेते, रागावू नका. काका मनाचे चांगले आहेत. एकटे आहेत. तुम्हीही एकट्या. त्यांना एकदा घरी बोलवा ना चहाला.”

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि त्या खुदकन हसल्या.

“अगं पोरी, चहा तर रोज मीच करते त्यांचा. पोरगी दारातून परत गेली त्या दिवसापासून कप मुकाट्याने पुढ्यात आदळते, एवढंच. आज विचारीन नवऱ्याला, साखर पुरेशी आहे का म्हणून.”