हलके पाय

दिवेलागणीला कोणावर हात उगारू नये म्हणतात. गुणवंतरावांनी उगारला. रॅकेटची कड डोमाच्या खांद्यावर बसली, कालची खपली फुटली आणि बंडीवर रक्ताचा डाग पसरत गेला.

"माझा पाय जड? तू सांगतं मले?"

"मी नाई सांगत, मालक. घाटी सांगून राह्यली."

गुणवंतरावांच्या कमरेला मागच्या अंगाने एक लाकडी घाटी बांधलेली होती, गुरांच्या गळ्यात असते तशी. पाऊल अलगद पडले की ती नुसती कुजबुजे. टाच आपटली की खडाखडा बोंबले. गोरा साहेब आपल्या पायांवर असाच पहारा ठेवी, असे डोमानेच सांगितले होते. पहिल्या दिवशी गुणवंतराव हसले. "मले बैल समजतं का रे?" पण संक्रांतीला चांद्याच्या क्लबात टेनिसचे सामने होते, आणि गेल्या साली एका वकिलाने त्यांना नाचवून नाचवून मुरुमावर पालथे पाडले होते. तो हशा अजून त्यांच्या कानात होता.

डोमा इथला मार्कर, म्हणजे मालकासोबत खेळून त्याचा हात बसवणारा. साहेबाचे चेंडू उचलता उचलता खेळ शिकलेला. साहेब विलायतेला गेला आणि बंगला लाकडाच्या ठेकेदाराने, गुणवंतरावांनी, घेतला. भिंतीसोबत खिळे येतात तसा डोमाही आला.

"पुन्हा, मालक. चेंडू नाई, खाली पाय. समोरच्याची रॅकेट हलली की हलकी उडी. मग बाजूले. मग मधात. नजर जाळीवर. मागं नाई पाहाचं."

गुणवंतराव सरकू लागले. उडी, डावीकडे, मध्ये. उडी, उजवीकडे, मध्ये. पाठीमागे बांबूचे तट्टे होते. त्यातला एक डोमाने दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. त्या फटीतून जंगल थेट चुन्याच्या रेघेपर्यंत आल्यासारखे दिसे.

"हेला बांधला?" त्यांनी धापा टाकत विचारले. नाल्याकाठी मचाणाखाली वाघासाठी हेला, म्हणजे रेडकू, बांधायचे ठरले होते. अंग गरम झाले की गुणवंतराव तिकडेच जाऊन बसणार होते.

"बांधला, मालक."

"अन् घाटी? आवाजाशिवाय नाई येत तो."

"घाटी बी बांधली."

वाघाला घाटीच्या आवाजाची चटक लागली ती जंगूपासून. जंगू डोमाचा धाकटा भाऊ. मागल्या महिन्यात हेला मिळाला नाही, तेव्हा गुणवंतरावांनी जंगूला पट्ट्याने फोडून काढले, घाटी हातात दिली आणि मचाणाखाली बसवले. "वाजवत राय. थांबला तर वरून गोळी घालीन." जंगू वाजवत राहिला. वाघ आला. पण कातड्याला भलतीकडे भोक पडू नये म्हणून गुणवंतराव नेम धरत राहिले, आणि त्यांचा नेम धरून होईपर्यंत घाटी थांबली.

गावात सांगितले, मध काढायला गेला होता. सकाळी डोमा एकटाच नाल्यात उतरला आणि जे काय उरले होते ते फडक्यात बांधून घेऊन आला. त्याने कोणाला काही विचारले नाही. दुपारी कोर्टाला पाणी मारायला हजर झाला.

"आज नाई आला," गुणवंतराव म्हणाले, "तर उद्या बुधरीले बसवतो. नवऱ्याची जागा बायकोनं नाई चालवाची तर कोणं?"

डोमा जाळीची दोरी ताणत होता. बुधरी जंगूची बायको, भरल्या पोटाची.

"हसत नाई तू?"

"बसवा नाई लागत, मालक," डोमा म्हणाला. "आज येतेच तो."

त्याने जाळीची गाठ मारली आणि गुणवंतरावांच्या मागे आला. "घाटी ढिली झाली." पळसाच्या मुळ्यांची ओली दोरी त्याने करकचून आवळली.

"जीव घेतं का बे?"

"सुकली की बसते बरोबर." मग पंचाच्या खुर्चीला टेकवलेल्या बंदुकीकडे त्याने हात केला. "मचाणावर नेऊन ठेवू? अंधारलं की वाट दिसत नाई."

"ने. पानी बी ठेव."

"मी येऊस्तोवर थांबू नका. थांबलं की पाय थंडे पडते."

बंदूक खांद्यावर टाकून डोमा गेला. बंगला सुना होता. घरची मंडळी माहेरी, नोकरचाकर गावात दंडारीचा नाच पाहायला. डोमानेच त्यांच्यासाठी रजा मागून घेतली होती. देवापुढे दिवाही कोणी लावलेला नव्हता.

उडी, डावीकडे, मध्ये. हळूहळू गुणवंतरावांना लय सापडली. टाचा जमिनीला लागेनाशा झाल्या. घाटी सारखी वाजत होती, पण हलकी, एकसुरी, चरणाऱ्या वासराची वाजते तशी. आता येऊ दे त्या वकिलाला, ते मनात म्हणाले.

मागे कुठेतरी वानर खोकला. मग दुसरा, अगदी जवळ. मग सगळे झाडच गप्प झाले. गुणवंतरावांनी मान वळवली नाही. नजर जाळीवर.

जाळीपलीकडे गावाची वाट होती. संधिप्रकाशात त्या वाटेने बुधरी चालली होती, एक हात पोटावर, एका हातात दावे. तिने कोर्टाकडे पाहिले नाही. तिच्या मागून गवताची काडी चघळत हेला निवांत येत होता.

त्याच्या गळ्यात घाटी नव्हती.