रेजवर रेज

पोकरमध्ये टेबलावरची मधली पानं उघडण्याआधीच समोरच्याच्या रेजवर, म्हणजे त्यानं वाढवलेल्या पैजेवर, आपला रेज कधी चढवायचा, या एका प्रश्नावर सतीशनं दोन जाडजूड पुस्तकं आणि इंग्लंडातल्या वॉटफर्डमधले वर्षभराचे रविवार खर्ची घातले. तरी एकही मोठा डाव हाती लागला नाही. भिकार पानांवर थाप मारली, की अख्खं टेबल भिडायचं. खरे एक्के आले, की सगळे पानं टाकून मोकळे. मंगळवारी तो कायमचा पुण्याला परतणार होता. आज शेवटच्या डावातही एक्क्यांची जोडी आली, त्यानं रेज चढवला आणि सगळे पसार!

“आता तरी सांगा, तुम्हाला कळतं कसं?” टेबलावर शेजारी बसलेल्या मॉरीनआजींना त्यानं दमून विचारलं.

 

“माय डिअर, पानं खरी असली की तू पैजेच्या चिप्स पुढे सरकवण्याआधी कपाळाला लावतोस. थाप मारताना एकदाही नाही.”