तपकिरी खाच

डब्याला चार स्क्रू असायला हवे होते. दोनच निघाले, तेही सैल. विश्वंभरने ते चहाच्या बशीत ठेवले आणि कॉम्प्युटरचं झाकण बाजूला सारलं.

आला होता मुलगी पाहायला आणि बसला होता डबा उघडून. पोहे अर्धे खाऊन होताहेत तोच मुलीचे वडील, सोनाजी, म्हणाले होते, "पाव्हणं, तुमी कॉम्प्युटरवाले. घरात गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम आणलाय, चालू होऊन न्हाई राहिला. बघता का जरा?"

नाही म्हणायची सोय नव्हती. ही चौथी सोयरीक. आधीच्या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं: पोरगं गुणाचं आहे, पण नोकरी नाही, दुकान आहे, अन् दुकानाचा काय भरवसा? २००७ साल चालू होतं आणि विश्वंभरला तिसावं लागलं होतं. धाकट्या चुलतभावाच्या लेकराचं बारसंसुद्धा जेवून झालं होतं. इथे तरी होकार मिळावा म्हणून त्याच्या आई, मंजुळाबाई, हिंगोलीपासून सेनगावपर्यंत जीपमध्ये डोळे मिटून देवाचं नाव घेत आल्या होत्या.

आता मात्र त्यांची गाडी सुसाट होती.

"बाजाराच्या दिवशी मान वर करायला सवड नसती बघा आमच्या विश्वंभरला," त्या सोनाजींना सांगत होत्या. "दुकानाला माझंच नाव दिलंय. मला काई वाचता येत न्हाई, पण दुकानातून जाणाऱ्या हरेक मालावर त्यो पिवळा ठप्पा चिटकवतो, मधी हिरवा मोर. मोर दिसला की समजायचं, आपल्या पोराचा माल. कुणाची तक्रार म्हणून न्हाई."

"आई, पुरे," विश्वंभर पुटपुटला.

सोनाजी नुसती मान डोलवत होते. त्यांची मुलगी रागिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पोहे देताना खाली घातलेली मान आता चांगली वर होती आणि नजर उघड्या डब्यावर होती.

आत धूळ नव्हती. सात-आठ वर्षं जुन्या डब्यात उंदराच्या लेंड्या पाहायची सवय असलेल्या विश्वंभरला बरं वाटलं. घर टापटिपीचं दिसतंय, त्याच्या मनात आलं. फक्त आतल्या बोर्डावर, कार्ड खोचायच्या एका पांढऱ्या खाचेच्या कडेला ताजे ओरखडे होते. असेल पोराटोरांचा उद्योग.

मग त्याचं तोंड उतरलं.

नव्या गेमला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते कार्ड बसायला बोर्डावर एक तपकिरी खाच लागते. या बोर्डावर पांढऱ्या खाचा तेवढ्या होत्या. तपकिरी खाचेच्या जागी कोरी पट्टी. टायपिंग करा, पत्ते खेळा, तिथवर हा डबा ठीक. पुढचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

एक वाक्य पुरेसं होतं. डबा दुकानात नेतो, आठ दिवसांत चालू करून देतो. आठ दिवसांत सुपारीही फुटली असती. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण जिच्याबरोबर जन्म काढायचा तिच्याशी पहिलंच बोलणं खोटं? विश्वंभरला भीती वाटत होती, आणि लाजही.

"काका, खरं सांगू?" तो म्हणाला. "ह्यो गेम ह्याच्यावर चालणार न्हाई."

मंजुळाबाईंनी डोळे वटारले.

"नवं कार्ड टाकलं तरी?" दारातून रागिणीने विचारलं. तिचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला, निदान त्याला तसं वाटलं.

"टाकणार कुठं? जागाच न्हाई. दाबून बसवाल तर कार्ड मोडंल."

"आन् हिंगोलीचा दुकानदार तर म्हणला, बराबर बसंल," सोनाजी म्हणाले. "डबा कोणता हाय, किती जुना हाय, इचारलं बी न्हाई त्यानं."

विश्वंभरला एकदम बळ आलं. खरं बोलल्याचं पुण्य पदरात पडायची हीच वेळ होती.

"डबा न बघता? काका, त्याला दुकानदार काहून म्हणता? लुटारू म्हणा. असल्या माणसाच्या उंबऱ्याला पाय लावू नका."

सोनाजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बरं झालं, तुमच्या तोंडून ऐकलं," ते म्हणाले. "रागिणी, ऐकलं ना माय?"

"व्हय," म्हणून ती आत गेली.

मंजुळाबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी पदर सारखा केला. विश्वंभरने झाकण लावलं, बशीतले दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं.

रागिणी बाहेर आली. तिच्या हातात ग्राफिक्स कार्डाचा खोका होता, एका कोपऱ्याला फाटलेला. तिने तो पोह्यांच्या बशीशेजारी, बरोबर विश्वंभरच्या समोर ठेवला.

मंजुळाबाई पुढे वाकल्या आणि हरखून म्हणाल्या, "अगं माय! ह्यो मोर तर आपलाच!"