बोललंचाललं माफ

नासिरला मिसरूड फुटलं आणि मासूमाची सुटका झाली.

त्याच्या आईने, उम्म नासिरने, एका सकाळी कॉफी पिता पिता सांगूनच टाकलं. "मुलगा आता मोठा झाला. परकी बाई त्याच्यासमोर अशी वावरलेली धर्मात बसत नाही. रमजानआधी तुला घरी पाठवते. कायमची."

चौदा वर्षं मासूमा या बाईच्या विनवण्या करत होती. दर खेपेला एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." मधे दोनदा काय ती महिनाभराची रजा मिळाली. बाईचा नवरा वारल्यापासून कफील, म्हणजे व्हिसाची जामीनदार मालकीण, ही बाईच; जाण्यायेण्याची परवानगी सगळी तिच्या फोनात. जे विनवण्यांनी झालं नाही, ते ओठावरच्या चार केसांनी केलं. अल्लाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

बाई वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही. फक्त सोडत नव्हती.

तिकडे हर्णैला मासूमाच्या सानियाला पंधरावं लागलं होतं. सात महिन्यांची असताना तिला आजीच्या ओटीत टाकून मासूमा रियाधला या घरी कामाला आली. गेल्या बकरी ईदला आजी गेली. तेव्हापासून पोरगी चुलत्याच्या घरी दहा माणसांच्या भाकऱ्या थापत होती. शाळा सुटली ती सुटलीच. फोनवर ती रडायची नाही, आणि तेच मासूमाला जास्त झोंबायचं.

"अम्मी, या वेळेस नाही आलीस ना, तर पुन्हा फोन करू नकोस."

"येते गो बाय माझे. फायनल एग्झिट लागलंय, कायमची परत येते, खोटं नाही सांगत."

"येशील तेव्हा खरं."

शेवटचा महिना मासूमाने बाईच्या नियमाने काढला. नासिरच्या दाराबाहेर ताट ठेवायचं, टकटक करायची आणि बाजूला व्हायचं. तो समोर आला की तोंडावर ओढणी. ज्याचं ढुंगण धुतलं त्याच्यापासून तोंड लपवायचं! पोरगाही घुम्यासारखा बघत राहायचा. पण मासूमा म्हणे, असू दे बाबा, महिन्याचा तर प्रश्न आहे.

निघायच्या दिवशी दुपारी ड्रायव्हर ताजुद्दीनने दोन्ही बॅगा गाडीत टाकल्या. तो राजापूरचा, जिभेला हाड नसलेला. "यल्ला, मासूमाबाय! विमान काय तुझ्या काकाचं आहे थांबायला?"

"आले, ताजुद्दीनभाई. बाईकडून बोललंचाललं माफ करून घेते."

तिच्या माणसांत तशी रीतच. हजला निघा नाहीतर कायमचं घर सोडा, माफी मागितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मनात काही दडवलं असेल तर तेही ओकून टाकायचं, नाहीतर कयामतच्या दिवशी जाब द्यावा लागतो. आणि मासूमाने एक गोष्ट चौदा वर्षं दडवली होती.

ती बाईच्या पायाशी बसली. 

"मी आले तेव्हा तुम्ही बाळंतपणातच आजारी पडून महिनाभर इस्पितळात होता. नासिर बाटली तोंडात धरेना. रडून रडून निळा पडायचा. माझ्या अंगावर सानियाचं दूध होतं, छाती दगड झालेली. मी त्याला पाजलं. तुम्ही परत येईपर्यंत रोज पाजलं. तुम्हाला विचारलं नाही. मला माफ करा."

उम्म नासिरचा चेहरा पांढराफटक पडला. मासूमाने डोळे मिटले. आता थोबाडीत बसणार, एग्झिट-बिग्झिट सगळं बोंबललं!

पण बाई हुंदका देऊन रडायलाच लागली. तिने मासूमाला उठवून पोटाशी धरलं. "अगं वेडे, दूध पाजणारी ती आईच. आपला धर्मच सांगतो. मग तुला पडदा कसला?" तिने स्वतःच्या हाताने मासूमाची ओढणी बाजूला केली. "नासिर! ये, तुझ्या आईच्या कपाळाला ओठ लाव."

पोरगा धावत आला आणि गळ्यातच पडला. मासूमाला भडभडून आलं. चौदा वर्षांत या घरात इतक्या मायेने तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. वाटलं, बरं झालं बोलले. आता मोकळ्या मनाने निघते.

उम्म नासिरने फोन उघडला, पडद्यावर दोनदा बोट लावलं आणि खिडकीतून ताजुद्दीनला बॅगा आत आणायला सांगितलं.

"खलास, रद्द केलं," ती डोळे पुसत म्हणाली. "लेकराला टाकून आई कधी जाते का?"