तीन फेऱ्या

परतीची लाँच धक्क्याला लागली, लॉजच्या पोऱ्यांनी बॅगा चढवल्या, तेव्हा पाहुण्याला आठवलं की होडीवाल्याला एक गंमत दाखवायची राहिलीच. त्यानं मोबाइल पुढे केला.

"हे बघा, काल आपण कुठं कुठं फिरलो ते. माझ्या घड्याळानं आपोआप टिपलंय."

धक्क्यापासून निघालेली लाल रेघ खारफुटीतून बाहेर पडून प्रवाळाच्या कडेला, त्या खोल डोहापाशी गेली होती. मोठे मासे तिथे अंडी घालायला येतात. डोह बेटावर दोघांनाच ठाऊक, होडीवाल्याला आणि त्याच्या सासऱ्याला. पाहुण्यांना तिथे न्यायचं नाही, असा सासऱ्याला शब्द दिलेला.

पण चार दिवस गळाला काही लागेना, तेव्हा पाहुणा हसत म्हणाला होता, "तुमच्या बेटावर मासे आहेत ना नक्की?" तेवढ्यानं याचं डोकं फिरलं. पाहुण्याला दिशा कळू नये म्हणून यानं डोहाभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि आपल्या अकलेवर खूश होत मग आत शिरला.

नकाशावर त्या तीन फेऱ्या एकात एक उमटल्या होत्या. चुकलेल्या शब्दाभोवती बाई लाल गोल करतात, तशा. डोह बरोबर मधोमध.

"पुसता येईल का हो हे?"

"पुसायचं कशाला? सगळ्या मित्रांना पाठवलंसुद्धा. पुढच्या मोसमात अख्खी टोळी घेऊन येतो!"

लाँच गेली. होडीवाल्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

बदामाच्या झाडाखाली सासरा जाळं विणत बसला होता. दिसत नव्हतं, पण बोटं चालत होती.

"जावईबापू, काल मोठा मासा लागला म्हणे. आपल्या जागेवर तर नव्हतं ना नेलंत?"

"नेलं, मामा. चुकलं माझं."

बोटं थांबली.

"सरळ नेलंत?"

"नाही. तीन फेऱ्या मारून नेलं. पण मामा..."

"तीन?" म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. बोटं पुन्हा चालू लागली. "मग घोर लावून घेऊ नका. तुम्हाला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी दोनच मारल्या होत्या. वर्षभर शोधत होतात."