पोपट्याच्या पायातला दोरा

पोपट्याच्या मागच्या पायाला पांढरा दोरा आवळलेला पाहून केतकीचं डोकंच फिरलं. पोपट्या म्हणजे तिने हौसेने पाळलेला कॅमेलिऑन सरडा. आठवड्यापूर्वीच कात टाकून हिरवागार झालेला, आणि आज त्याची बोटं सुजून काळपट पडली होती.

हे काम कोणाचं, ते विचारायलाच नको. मठातून मंतरून आणलेला दोरा सासूबाई स्कूटरला, मिक्सरला, गॅस सिलिंडरलासुद्धा बांधायच्या. त्यात "घरात सरडा कशाला" ही धुसफूस रोजचीच.

"आई, मुक्या जिवालाही सोडलं नाहीत?" म्हणत तिने कात्री उचलली.

सासूबाईंनी तिचा हात धरला. "अगं, रक्त काढशील! आधी नीट बघ."

केतकीने वाकून पाहिलं. तो दोरा नव्हताच. न सुटलेली जुनी कात कोरडी होऊन पायाला करकचून बसली होती. थोडा ओलावा मिळाला असता, तर अलगद निघाली असती.

"दोरा मी बांधलाय, पण तिकडे," सासूबाईंनी पिंजऱ्यामागे बोट दाखवलं. "मला त्याची किळस येते गं. पण त्याच्यावर पाणी फवारायची तुला आठवण राहावी म्हणून."

फवारणीच्या रिकाम्या बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा होता. त्याच्या गाठीवर धूळ साचली होती.